दुःखाचाही हेवा

पूर्वी कुंदनगरात अंजन नावाचा राजा राज्य करीत होता, म्हणजे खरे तर अंथरुणाला खिळला होता आणि त्याच्यामागे गादी कोणाची यावरून त्याचे दोन मुलगे भांडत होते, त्या काळी बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव धामिल. दरवेळी काही सिंह किंवा राजपुत्र होऊन जन्म मिळत नाही. त्या खेपेला बोधिसत्त्वाचे हात कोपरापर्यंत निळे होते.

कुंदनगरात नदीकाठी नीळ रंगवणाऱ्यांची एक आळी होती. तिथे जो तो आपल्या घरचा धनी. कोणी कोणाचा चाकर नाही, आणि म्हणूनच कोणी कोणाचा आधारही नाही. प्रत्येकाच्या अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले रांजण असत. त्यांत नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून पाणी आंबवत ठेवायचे. रांजण चांगला असला की त्यावर तांबूस फेस येई, त्याला रंगारी ‘फूल’ म्हणत. अशा रांजणातून कापड हिरवे बाहेर निघे आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होई. पण रांजण मोठे लहरी. एखादा रुसला की फूल मरे, पाण्याला कुबट वास सुटे आणि कापडावर चढलेला रंग पहिल्याच धुण्यात नदीला मिळे.

रांजण रुसल्यावर काय करायचे याची आळीत एक जुनी रीत होती. शेजाऱ्याला चकार शब्द सांगायचा नाही. सरळ बाजारात जायचे आणि एक खोटी बातमी उठवून द्यायची. जितके लोक ती खरी मानतील तितकी नीळ पुन्हा वर येते, अशी पक्की समजूत. त्यामुळे राजाच्या हत्तिणीला जुळे झाले, पैलतीरी बेडकांचा पाऊस पडला, असल्या बातम्या कुंदनगरात अधूनमधून फिरत. लोक हसून म्हणत, "कुणाचा तरी रांजण रुसलेला दिसतोय!" पण कुणाचा, ते कधी कळायचे नाही. विचारायला गेले तर रंगारी छातीवर हात ठेवून सांगे, "माझा? छे! माझं उत्तम चाललंय." झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच त्या आळीचा धर्म होता.

धामिलच्या समोर पूर्णकाचे घर होते. पूर्णक कामात हुशार, हात सफाईचा, पण दुसऱ्याचे बरे त्याला बघवत नसे, आणि धामिलचे तर मुळीच नाही. धामिलच्या अंगणात कापड वाळत पडले की हा आपल्या दारातून त्याची निळाई न्याहाळत बसे. ती आपल्या कापडापेक्षा किंचित गडद आहे असे एकदा मनात आले, की त्याला जेवण गोड लागत नसे. त्याची बायको सुलसा म्हणायची, "अहो, तोंडातला घास तरी चावा. ते कापड काही उठून पळत नाही." पण पोटदुखीला औषध असते, पोटात दुखण्याला नसते. धामिलने बैलाच्या पाठीवरून चुना आणला की पूर्णकाने गाडीभर आणलाच पाहिजे. या चढाओढीत पूर्णकाच्या कोठीत चुन्याचा ढीग लागला होता, आणि तो कधी संपेल हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

त्या वर्षी दोघा राजपुत्रांच्या भांडणात घाटातली वाट बंद झाली. वरचा चुना, वरचे बी, वरचा गूळ, सगळेच येईनासे झाले. रंगाऱ्यांनी खालच्या डोंगरांतून मिळेल ते आणले. घाटावरून येणारे सार्थ, म्हणजे व्यापाऱ्यांचे तांडेही थांबले. नदीकाठच्या वाटेने एकच सार्थ येणार अशी खात्रीची खबर होती. त्याने निळे कापड नेले तर आळी जगणार, आणि तो रिकामा गेला तर घरे सोडून दुसऱ्या राज्यात पोट भरायला जाणे भाग होते. हे सगळ्यांना कळत होते आणि कोणी बोलत नव्हते. बाजारात मात्र खोट्या बातम्यांना नुसता ऊत आला होता. कोणी तीन शिंगांचा रेडा पाहिला होता, कोणाच्या विहिरीत समुद्र शिरला होता. एवढी सगळी नवले एकाच वेळी घडत असताना आळीत जो भेटेल तो म्हणे, "माझं उत्तम चाललंय."

एका सकाळी आळीतले लोक चिंचेच्या पारावर जमले असताना धामिल तिथे आला आणि उभ्यानेच म्हणाला, "माझे सगळे रांजण मेले. का मेले ते मला कळत नाही. सार्थ येईपर्यंत ते उठले नाहीत तर मी काय करणार, तेही कळत नाही. मला फार भीती वाटते आहे. काल बायकोपाशी रडलो. आज म्हटलं, तुम्हालाही सांगावं."

देवरात नावाचा आळीतला सर्वांत वडील रंगारी होता, तो खाकरून म्हणाला, "धामिल, बाळा, असं बोलायचं नसतं. बाजारात जा, एखादी हत्तीण सोड, मोकळा हो."

"बाबा, हत्तीण सोडून झाली," धामिल म्हणाला. "मी मोकळा झालो नाही."

पूर्णक मागे उभा होता. त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्याचे रांजण फुलले होते, सगळ्यांहून चांगले, आणि समोर धामिल सगळ्यांदेखत मातीला मिळत होता. असा दिवस उगवेल असे त्याला स्वप्नातही वाटले नव्हते. घरी येऊन त्याने सुलसेला सांगितले, "संपला. आता त्याचं तोंड कोणी बघणार नाही." आणि त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

पण घडले भलतेच. दुसऱ्या दिवशी देवरात काठी टेकत टेकत धामिलच्या ओट्यावर येऊन बसला आणि बराच वेळ गवताच्या काड्या मोडत राहिल्यावर हळूच म्हणाला, "माझेही." धामिलने म्हाताऱ्याला पाणी दिले आणि शेजारी बसून राहिला. मग आणखी एक आला. मग एका घरचे नवरा-बायको आले. घरोघरी मातीच्या चुली, हे त्या आळीला पहिल्यांदाच समजत होते. कोणी म्हणे पाणी गढूळ आहे, कोणी म्हणे बी किडके आहे, कोणी गुळाला दोष देई, कोणी चुन्याला, कोणी शेजारणीच्या नजरेला. सगळेच एकदम बदलले होते, त्यामुळे कशाने बिघडले हे कोणालाच सांगता येईना. तरी लोक येत. धामिल फारसा उपदेश करीत नसे. ऐकत बसे, कधी त्याचेही डोळे भरून येत. कधी आपापल्या खोट्या बातम्या सांगून सगळे पोट धरून हसत. रेडा देवरातचा होता, हे तिथेच उघड झाले.

पूर्णक आपल्या दारातून हे पाहत होता आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. त्याचे कापड गडद निळे होऊन दोरीवर झुलत होते आणि त्याच्याकडे ढुंकून बघायला कोणाला सवड नव्हती. ज्याचा धंदा बुडाला त्याच्या ओट्यावर बसायला जागा नाही, आणि ज्याचा चालला आहे त्याच्या दारात कुत्रेही फिरकत नाही! धामिलची निळाई त्याने सोसली असती, धामिलची मिळकतही एक वेळ सोसली असती. पण धामिलचे दुःख त्याला सोसवेना. रडण्यातसुद्धा हा माणूस आपल्या पुढे गेला, असे त्याला मनापासून वाटले.

"त्याला काय झालंय रडायला!" तो सुलसेवर खेकसला. "चार माणसं जमवायची आणि गळा काढायचा. हे मलाही येतं."

"मग जाऊन बसा तिथे."

"मी कशाला? माझं काय बिघडलंय?"

"तेच तर," सुलसा म्हणाली. "काही बिघडलं नाही तर तुम्हाला तिथे जायला कारण नाही, आणि बिघडलं तर तुमचा पाय उचलणार नाही." एवढे बोलून ती चुलीकडे वळली. पूर्णक तिच्यावरच रुसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पूर्णकाच्या कोठीतला जुना चुना संपला. त्याने इतरांसारखाच खालच्या डोंगरातला नवा चुना आणला, विरवला आणि रांजणांत घातला. सकाळी झाकण उचलले तर फूल नव्हते. दुसरे उचलले, तिथेही नव्हते. तिसऱ्या रांजणातून कुबट वास आला तेव्हा तो तिथेच अंगणात खाली बसला. सार्थ आता केव्हाही येणार होता.

बऱ्याच वेळाने तो उठला आणि समोरच्या घराकडे निघाला. हे खरे आहे, तो निघाला होता. अर्ध्या वाटेवर धामिलच्या ओट्यावरून हसण्याचा आवाज आला. पूर्णक थबकला. आता आपण तिथे जायचे, आणि तेही सगळ्यांच्या मागून? दुःखितांच्या पंगतीत शेवटचे पान मांडून घ्यायचे? धामिल सरकून जागा करून देणार, आणि आपण ती घ्यायची? त्याचे पाय तिथूनच बाजाराकडे वळले.

बाजारात मीठ विकणाऱ्यापाशी उभा राहून त्याने रीतीप्रमाणे खोटी बातमी उठवली. पण ती रेड्याची नव्हती की हत्तिणीची नव्हती. तो म्हणाला, "ऐकलंत का? धामिलचे रांजण ठणठणीत आहेत. कापड रंगवून त्याने माळ्यावर दडवलंय. रडायचं ढोंग करून तो सगळ्यांची घरची गाऱ्हाणी काढून घेतो आणि सार्थाच्या म्होरक्याला निरोप पाठवतो, कोण किती अडलाय ते. तो म्होरक्या येईल तेव्हा बाकीच्यांचं कापड मातीमोलाने मागेल." उचलली जीभ लावली टाळ्याला, झाले. आजवर आळीच्या खोट्यात जनावरे येत, ढग येत, विहिरी येत. माणूस कधी आला नव्हता.

दिवस मावळायच्या आत ती बातमी आळीत परत आली, आणि तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. लोक काही दुष्ट नव्हते. पण प्रत्येकाने धामिलपाशी इतके मन मोकळे केले होते, की मागाहून त्याची त्यालाच लाज वाटत होती. त्या लाजेला कोणावर तरी रागावायला हवेच होते. दुसऱ्या दिवशी धामिलच्या ओट्यावर कोणी आले नाही. देवरातने तर वाट बदलली आणि तो नदीकडून फिरून गेला.

पूर्णकाने पुन्हा पुन्हा झाकणे उचलून पाहिली. साऱ्या नगराने खोटे गिळले होते, रीतीप्रमाणे एव्हाना रांजणात नीळ काठोकाठ यायला हवी होती. पाणी होते तसेच मेलेले होते. दारातून त्याने पाहिले, धामिल रिकामा ओटा झाडून त्यावर एकटाच बसला होता. आता त्याच्याजवळ हेवा करण्यासारखे काहीही उरले नव्हते. पूर्णकाला आनंद व्हायला हवा होता. त्याने मनात तो शोधलाही. सापडला नाही. मनात नुसती भीती होती, आणि ती सांगायला जायचा एक ओटा होता, तोही त्याने आपल्या हाताने ओस पाडला होता.

दुपारी दाराशी कोणी हाक मारली. सुलसेने दार उघडले तर धामिल उभा होता.

तो आत आला, पूर्णकासमोर बसला आणि म्हणाला, "पूर्णका, तुझा रांजण फार वाईट बिघडलाय का रे?"

"कोण म्हणतं?" पूर्णक ताडकन म्हणाला. "माझं उत्तम चाललंय."

"बाजारात जे उठलं ते तू उठवलंस, मीठवाल्याने सांगितलं मला. राग आला. खोटं कशाला बोलू, खूप आला. सकाळपासून रिकाम्या ओट्यावर धुमसत बसलो होतो. मग म्हटलं, आपल्या आळीत कोणी हौसेने खोटं बोलत नाही. जो हत्तीण सोडतो त्याचा एखादा रांजण रुसलेला असतो. याने तर शेजारी सोडला. म्हणजे याचं किती बिघडलं असेल."

पूर्णकाने शिव्यांची तयारी ठेवली होती. मारामारीचीही ठेवली होती. याची नव्हती. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. सुलसा पदराने डोळे टिपत दारातच उभी राहिली.

"मला तुझा हेवा वाटतो," तो म्हणाला. "पहिल्यापासून वाटतो. तुझ्या कापडाचा वाटायचा. मग तुझं सगळं बुडालं, तर तुझ्या बुडण्याचा वाटायला लागला. तुझ्याकडे माणसं येत होती रे. माझ्याकडे फूल होतं आणि ते दाखवायला कुत्रं नव्हतं. आता तेही गेलं. सगळे रांजण गेले. सार्थ आल्यावर काय दाखवू मी?"

धामिलने त्याला रडू दिले. मग विचारले, "कधी गेले?"

"परवापरवापर्यंत होते. जुना चुना संपला, नवा घातला, त्याच्या दुसऱ्या सकाळी."

"आणि बी?"

"बी तेच. तुमचं सगळ्यांचं आहे तेच, घाट बंद झाल्यापासूनचं."

"गूळ? पाणी?"

"सगळं तुमचंच. चुना तेवढा माझा जुना होता. तुझ्यावर कडी करायची म्हणून गाडीभर आणून ठेवला होता." हे सांगतानाही त्याला लाज वाटली.

धामिल एकदम ताठ बसला. "पूर्णका, म्हणजे पाणी नाही, बी नाही, गूळ नाही. तो चुना आहे. आमचं सगळंच एकदम बदललं, म्हणून आम्हाला कळलं नाही. तुझं एकच बदललं. ही गोष्ट आळीत फक्त तुला ठाऊक आहे. आत्ताच्या आत्ता जाऊन सगळ्यांना सांग."

"तू सांग ना."

"माझं आता कोण ऐकणार?" धामिल म्हणाला. त्याने टोमणा मारला नव्हता. जे होते ते सांगितले होते, आणि म्हणूनच ते पूर्णकाला जास्त लागले.

पूर्णक पारावर गेला. देवरात होता, इतरही होते. पूर्णक सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला. तो म्हणाला, "धामिलने कोणाची गाऱ्हाणी कोणाला सांगितली नाहीत. त्याच्या माळ्यावर काही नाही. ती थाप माझी होती."

लोक एकमेकांकडे पाहू लागले आणि कोणीतरी खो खो हसत म्हणाले, "पूर्णकाचा रांजण रुसलेला दिसतोय!" सगळा पार हसला. असे हसणे त्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, आणि त्यावरचे उत्तरही ठरलेले होते. पूर्णकाचा हात सवयीने छातीकडे गेलादेखील.

"होय," तो म्हणाला. "रुसलाय."

हसणे जागच्या जागी थांबले. हे उत्तर त्या पारावर या चेष्टेला कोणी कधी दिले नव्हते.

"सगळे रुसलेत," पूर्णक म्हणाला. "मी घाबरलो होतो. धामिलचा हेवा वाटत होता म्हणून त्याचं नाव घेतलं. आता मला काय म्हणायचं ते म्हणा, पण आधी चुन्याचं ऐका." मग त्याने सगळे सांगितले, जुना चुना, नवा चुना, दुसऱ्या दिवशीची सकाळ. चढाओढीने भरलेली कोठीसुद्धा त्याने लपवली नाही.

ऐकून देवरातच्या तोंडून एक कचकचीत शिवी बाहेर पडली. ती पूर्णकाला होती की चुन्याला, हे कोणी विचारले नाही. पण म्हातारा लगेच म्हणाला, "नदीत शिंपले आहेत. माझा आजा शिंपल्यांचा चुना भाजायचा." आणि तो उठला.

सारी आळी नदीत उतरली. बायकामाणसांनी शिंपल्यांच्या पाट्या भरल्या, सगळ्यांनी मिळून एकच भट्टी लावली. तो चुना रांजणांत पडला तेव्हा काहींवर फूल आले, काही तसेच राहिले. फुललेल्या रांजणात ज्याचे न फुलले त्याचेही कापड बुडवायचे, असे धामिलने सुचवले आणि ते सगळ्यांनी मानले. सार्थ आला तेव्हा त्याच्या गाड्या भरतील एवढे कापड झाले नव्हते. पण आळी गाव सोडून उठली नाही. देवरात पुढे पूर्णकाशी कितीतरी दिवस धड बोलत नव्हता, ते मात्र खरे.

आणि हेवा? तो काही शिंपल्यांच्या चुन्याने मरत नाही. झाल्या गोष्टीचे कौतुक लोक धामिलचेच करत, आणि पूर्णकाच्या पोटात पुन्हा दुखू लागे. फरक एवढाच पडला, की तो आता रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसे आणि म्हणे, "धामिल, आज तुझा फार हेवा वाटतोय बघ." धामिल सरकून जागा करी. मग दोघे वाळणाऱ्या कापडाकडे पाहत बसत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे सुजात नावाचा भिक्खू होता. त्याच्या एका सोबत्याने ‘माझे ध्यान लागत नाही’ असे संघापुढे सांगितले होते आणि तेव्हापासून सगळे त्या सोबत्याची विचारपूस करीत. सुजात मनातून जळत होता आणि ‘याचे वैराग्य ढोंगी आहे’ असे कुजबुजत फिरत होता.

शास्ते म्हणाले, "त्या काळी देवरात होता तो आज तुमच्यातला हा वृद्ध स्थविर. सुलसा होती ती आज रोज दाराशी भात वाढणारी उपासिका. कुंदनगरचे रंगारी म्हणजे आजचा हा संघ. धामिल तो मीच. आणि सुजाता, पूर्णक कोण होता हे मी सांगू, की तू सांगशील?"

सुजाताने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "भंते, पूर्णक मी होतो. माझेही ध्यान लागत नाही."

शेजारचा भिक्खू थोडा सरकला आणि त्याने सुजाताला जवळ बसवून घेतले. शास्ते म्हणाले, "आपले दुखणे उघड्यावर मांडणे हे सत्य. दुसऱ्याच्या खोट्यामागचे दुखणे ओळखणे ही करुणा. धामिलने त्या जन्मी या दोन्ही पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारे गुण, पाळल्या."